राग हे कारण चालत नाही

झेंडूच्या एका पाकळीमुळे मी लिहायला लागले, असं दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. शिवाय ‘लिहायला लागले’ हेही तितकंसं खरं नाही. लिहायला बसून डोकं धरायला लागले, हे खरं.

खंडेनवमीला आमच्या कंपनीत मशिनींची पूजा होते. चाकणच्या सगळ्या पट्ट्यात होते. शॉप, म्हणजे मशिनींची शेड, धुऊन काढायचं, मशिनींना झेंडूचे हार घालायचे, नारळ फोडायचा, पेढे वाटायचे आणि दसऱ्याच्या सुट्टीला पळायचं. आता आमच्याकडे रोबो आलेत. त्यांनाही हार घालतात, फक्त रोबोचा गळा नेमका कुठे धरायचा यावर पोरांची दरवर्षी वादावादी होते. त्या वर्षी हार उतरवताना कुणीतरी घाई केली आणि एक पाकळी एका पार्टच्या पोकळीत पडली. पार्ट खोक्यात गेला, खोकं जहाजात गेलं आणि परदेशातल्या आमच्या ग्राहकाकडे कुणीतरी ती वाळलेली पाकळी चिमट्यात धरून तिचा फोटो काढला. फोटोखाली इंग्रजीत लिहिलं होतं, अज्ञात सेंद्रिय पदार्थ.

मी क्वालिटी खात्यात आहे. ग्राहकाची तक्रार आली की तिचं उत्तर लिहिणं माझ्याकडे असतं. त्याची पद्धत ठरलेली आहे. पाच वेळा ‘का’ विचारायचं. पार्टमध्ये पाकळी का आली? हार उतरवताना सांडली म्हणून. का सांडली? असं खणत खणत मूळ कारणापर्यंत जायचं आणि त्याच्यावर उपाय लिहायचा. यात एक नियम असतो, माणसापाशी थांबायचं नाही. ऑपरेटर विसरला, हेल्पर चिडला होता, हे कारण म्हणून चालत नाही. माणूस विसरणारच आणि चिडणारच, तरीही चूक होणार नाही अशी व्यवस्था का नव्हती, ते सांगायचं. ऐकायला फार छान वाटतं. प्रत्यक्षात आम्ही ग्राहकाला पटेल असं कारण आधी ठरवतो आणि मग तिथे पोचवणारे पाच ‘का’ मागून रचतो. वीसेक वर्षं मी हे करते आहे आणि चांगलं करते. माझं उत्तर सहसा परत येत नाही.

या वेळी शेवटच्या ‘का’ला मी लिहिलं, ‘यंत्राला मान देण्याची कामगारांची भावना.’ साहेबांनी लगेच बोलावून घेतलं.

“मॅडम, भावना कशाला लिहिताय? भावनेवर ॲक्शन काय दाखवणार आपण?”

“मग काय लिहू?”

“हार घालण्या-काढण्याची ठरावीक पद्धत नव्हती, असं लिहा. आणि उपाय म्हणून पुढच्या वर्षीपासून प्लास्टिकचे हार.”

मी मुकाट्याने बदललं. ग्राहक खूश झाला, साहेब खूश झाले. मी मात्र संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कशाने, ते आधी कळेना. बस निघोज्यावरून जाते. निघोजे हे माझ्या आईचं माहेर. तिथल्या फाट्यावर कंटेनरच्या मागे बस अडकली आणि मला एक हार आठवला. झेंडूचाच.

माझे वडील भोसरीच्या एका कारखान्यात लेथ मशिनवर होते, कायम नोकरीत. आई त्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या करायची, पण ती कंत्राटदाराची माणूस. आम्ही बौद्ध, घरात पूजाअर्चा नाही. पण खंडेनवमीला वडील अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून कंपनीत जायचे. मशिन आपल्याला पोसतं, त्याला एक फूल घालायला काय जातं, म्हणायचे. त्या दिवशी कायम कामगारांना बायका-पोरं आत न्यायची परवानगी असायची. मी प्राथमिक शाळेत असेन, त्यांच्याबरोबर गेले होते. लेथ पुसून लख्ख केलेलं, त्याला टपोरा हार घातलेला. आणि आई कँटीनमधून तरातरा चालत आली, तिने नवऱ्याच्या लेथवरचा हार उचलला, सगळ्यांच्या देखत कँटीनमध्ये नेला आणि आपल्या तव्याच्या कानाला अडकवला. मोठा थोरला लोखंडी तवा, खाली भट्टी पेटलेली. मग आरडाओरडा झाला, जळका वास आला. बस्स. त्यानंतर आमच्या घरात त्या हाराचा विषय कधी निघाला नाही. वडील आता नाहीत. आई आहे, माझ्याकडेच असते.

हे लिहायला हवं, असं मला त्या बसमध्ये वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ वाटलं, तू कोण लिहिणारी?

हा दुसरा आवाज माझ्या ओळखीचा आहे. पंचेचाळिशी उलटल्यावर माणसाने काय करावं, याची त्याच्याकडे पक्की माहिती असते. गुडघे सांभाळावेत, मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरावी, जमलं तर योगासनांच्या क्लासला जावं. महापालिकेच्या शाळेत शिकलेल्या, डिप्लोमा केलेल्या बाईने लेखिका व्हायला निघणं म्हणजे वयात आल्यासारखं वागणं. मला या आवाजाचा राग येतो, आणि त्याहून जास्त राग याचा येतो की त्याचं बोलणं मला पटतं.

बरं, लिहिणं मला परकं आहे असंही नाही. कंपनीत माझं मराठी चांगलं म्हणून नाव आहे, आणि ते नाव मला चांगलंच महागात पडलंय. सुरक्षा सप्ताहाच्या घोषणा मी लिहायच्या, साहेबांच्या आईच्या पंच्याहत्तरीचं भाषण मी लिहायचं, आणि कुणी रिटायर झालं की मानपत्र तर ठरलेलंच. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि माझं मानपत्र. मनमिळाऊ, कष्टाळू, सदा हसतमुख. ज्या माणसाला उभ्या नोकरीत कुणी हसताना पाहिलं नाही त्यालाही मी सदा हसतमुख केलेलं आहे. लोक टाळ्या वाजवतात, बायको डोळे पुसते, आणि पुढच्या महिन्यात नाव बदलून तोच कागद पुन्हा वाचला जातो. कुणाच्या लक्षात येत नाही. आलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

निगडीला, प्राधिकरणातल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी लिहिणाऱ्यांचा एक गट जमतो. खाली बोर्डावर लिहिलेलं असतं, ‘सर्वांचे स्वागत’. मी त्या बोर्डाखालून किती रविवार नुसतीच भाजी घेऊन गेले, ते सांगायला लाज वाटते. शेवटी एकदा भाजीच्या पिशवीसकट जिना चढले.

आत बहुतेक सगळे निवृत्त. बंगल्यांत राहणारे, सकाळी फिरून आलेले, ताजेतवाने. गट चालवणाऱ्या बाई कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. माझ्या शेजारच्या काकांनी विचारलं, “आपण काय करता?”

“क्वालिटीत आहे.”

“म्हणजे?”

“चुका शोधते.”

“मग आमच्या शोधू नका हं,” ते म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले. मेथीची जुडी पिशवीतून बाहेर डोकावत होती, ती मी पायाने आत ढकलली.

बाईंनी सांगितलं, पुढच्या वेळी एक पान लिहून आणा. आठवणीतला एक प्रसंग. जमेल तसा.

जमेल तसा! मी पुढचे दोन-तीन आठवडे बसमध्ये फोनवर लिहीत होते. सकाळी तळवड्याच्या चौकात बस अडकली की लिहायचं, संध्याकाळी त्याच चौकात अडकली की ते खोडायचं. एक वाक्य टाकलं की ते माझ्याकडे बघायचं आणि मी त्याच्याकडे. हे बरोबर आहे का? याला पुरावा काय? असं कुणी विचारलं तर? वीस वर्षांची सवय, तिला काय कळतंय की इथे कुणी ऑडिटला येणार नाही. शेवटी कसंबसं पान भरलं आणि मी ते छापून घेऊन गेले.

वाचायला सुरुवात केली तेव्हाच मला कळलं. लिहिताना कळलं नव्हतं, मोठ्याने वाचताना कळलं. ‘सदर प्रसंगी आईने हार काढण्यामागे पुढील कारणे संभवतात.’ मी हे लिहिलं होतं. स्वतःच्या आईबद्दल. पहिलं कारण, कँटीन कामगारांच्या साधनांची पूजेसाठी नोंद नव्हती. दुसरं कारण, कंत्राटी आणि कायम कामगार यांच्यातला भेद. पुढे तर हद्द केली होती. ‘यावरून असे दिसून येते की कँटीन विभागासही सणाच्या नियोजनात सामावून घेणे आवश्यक आहे.’ मधेच थांबता येईना. माझा आवाज मला ऑफिसातल्या मीटिंगमधला वाटायला लागला. 

वाचून झालं. मग शेजारचे काका म्हणाले, “मांडणी अगदी मुद्देसूद.” ते बिचारे खरंच कौतुक करत होते.

बाईंनी चष्मा काढला. “शेवटी उपाय का दिला आहे तुम्ही?”

मी काय सांगणार? उपाय दिला नाही तर फाइल बंद होत नाही, हे?

“आणि तुमच्या आई यात कुठे आहेत?” त्यांनी विचारलं. आवाज मऊ होता. मऊ आवाजाने जास्त लागतं.

घरी येऊन मी तो कागद टेबलावर आपटला. नवऱ्याने उचलून वाचला. तो चांगला माणूस आहे, पण त्याला गप्प बसवत नाही. “अगं, छान आहे की. फक्त खाली सही राहिली. ॲप्रूव्ह्ड बाय कोण?”

“तुम्ही गप्प बसा.”

“चिडतेस कशाला? छंद म्हणून कर की. जमेल तेवढं.”

छंद. या शब्दाने माझं डोकं जितकं उठतं तितकं शिवीनेही उठत नाही. बाई चाळिशीनंतर काहीही करायला लागली की त्याला छंद म्हणायचं. म्हणजे फसलं तरी कुणाचं नुकसान नाही आणि जमलं तरी कुणाला दखल घ्यायला नको. मला छंद नको होता. मला ती बाई तरातरा येताना कागदावर दिसायला हवी होती, एवढंच. आणि नेमकं तेवढंच माझ्या हातून होत नव्हतं.

मी रविवारी निगडीला जाणं बंद केलं. भाजी घराजवळ, चिखलीतच घ्यायला लागले.

पण एकदा टोचलेलं निघत नाही. पाच-सहा आठवडे गेले असतील. मला वाटलं, आपण रुक्ष लिहिलं म्हणून फसलं, जरा भावना घालू. भावना घालायचं काम तर मला येतंच. आणि काय सांगू, या वेळी लिहिणं झरझर आलं. एका बसफेरीत पान झालं. ‘कष्टाने रापलेल्या त्या माउलीच्या हातांनी तो हार तव्याला अर्पण केला, तेव्हा तिच्या नेत्रांत अभिमानाचे अश्रू तरळले.’ माझेही डोळे भरून आले. चिखलीला उतरताना वाटलं, जमलं बुवा एकदाचं.

गटात न्यायच्या आधी आईला वाचून दाखवावं, असं मनात आलं. ती बाल्कनीत मेथी निवडत बसली होती. तिला ऐकायला कमी येतं असं ती सांगते, पण तिच्याबद्दल शेजारच्या खोलीत कुणी बोललं तर बरोबर येतं. मी समोर बसून पान वाचलं. तिने मन लावून ऐकलं, हातातली काडी हातात तशीच राहिली. वाचून झाल्यावर तिने मान हलवली.

“लई गुनाची बाई,” ती म्हणाली. “कोन ती? तुज्या कंपनीतली हाय का?”

मी फोन खाली ठेवला.  ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच वाटलं, मी दुसऱ्या कुणाबद्दल तरी वाचते आहे. कुणीतरी सोशिक, रडकी, थोर बाई, जी आमच्या घरात कधी राहिलीच नव्हती.

“आई, ती तू आहेस.”

“म्या?” ती हसली. “काय तरी बोलू नगंस. म्या कंदी रडले व्हते?”

आणि ते खरं होतं. ती रडली नव्हती. तिच्या डोळ्यांत अश्रू मीच तरळवले होते, जसं रिटायर होणाऱ्या प्रत्येकाला मी हसतमुख केलं होतं. आईचंच मानपत्र लिहिलं होतं मी, फक्त घड्याळ द्यायचं राहिलं होतं.

मला इतका राग आला की तो कुणावर काढावा कळेना, म्हणून तिच्यावरच काढला. “मग तूच सांग ना. का काढलास तू तो हार?”

“राग आला म्हनून.”

“राग का आला?”

“येईल न्हाई तर काय.”

“अगं पण का? काहीतरी झालं असेल ना आधी? कंत्राटदार काही बोलला होता? बाबा काही बोलले होते?”

“राग आला म्हनून काढला. सांगितलं की.”

“ते कारण नाही झालं, आई.”

“मग काय झालं? तू काय मला कंपनीत हुबी केलीस व्हय? का, का, का. कावळ्यावानी.” तिने मेथीची परात उचलली आणि आत निघून गेली.

मी बाल्कनीत बसून राहिले. खाली नव्या इमारतीच्या पायाचं खोदकाम चाललं होतं, त्या धडधडीने सगळं अंग हादरत होतं. मला वाटलं, सोडून द्यावं. खरंच सोडून द्यावं. एका वाक्यात माणूस उभा करणारे लोक असतात, ते वेगळेच असतात, ते लहानपणापासूनच तसे असतात. आपण अहवाल लिहावेत. आपल्याला दोनच भाषा येतात, एक साहेबांना पटणारी आणि एक टाळ्या मिळवणारी. तिसरी यायला आता उशीर झाला. हे मला अगदी शांतपणे पटलं, आणि पटल्यावर जे वाटलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. चीड होती ती. वीस वर्षं मी रोज लिहिते आहे, ओळीमागून ओळी, आणि त्यात माझं असं एक वाक्य नाही, याची चीड.

त्यानंतरच्या आठवड्यात साहेबांनी फोन केला. त्याच दुपारी कुणाचा तरी निरोप समारंभ होता, मानपत्र हवं होतं.

“सर, आत्ता सांगताय? मी त्यांना नीट ओळखतसुद्धा नाही.”

“ओळखायचं काय त्यात? जुनंच काढा ना मॅडम, नाव बदला. तुमचं सगळं छानच असतं.”

मी जुनंच काढलं, नाव बदललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी बसमध्ये चढले. तळवड्याला नेहमीसारखी कोंडी. पुढे ट्रेलर आडवा झालेला, मागे हॉर्न, ड्रायव्हर शिव्या देतोय. मी फोन काढला आणि बरोबर-चूक न बघता अंगठ्याने लिहीत सुटले. कारण नाही, उपाय नाही, माउली नाही. आई जशी होती तशी लिहिली.

लिहिलं, की ती खाष्ट होती. सणाला पुऱ्या करायच्या ठरल्या होत्या, कंत्राटदाराने तेल वाचवायला चपात्याच करायला लावल्या, आणि कामगारांची बायका-पोरं आल्यामुळे नेहमीपेक्षा दुप्पट करायला लावल्या. लाटता लाटता ती हे पुटपुटत होती, ते लिहिताना आठवलं. ती घामाने निथळत आली, तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं. लेथवरचा हार तिने ओढला तसे दोन-चार झेंडू वडिलांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर पडले. वडील दबक्या आवाजात म्हणाले, “अगं, काय करतीस? लोक बघतायत.” आणि ती लोकांनी बघावं म्हणूनच ओरडली, “तुमचं मशिन जेवत न्हाई. तुमी जेवता!” शॉपमधल्या सगळ्या माना वळल्या. तिच्या मागे मी पळत गेले. तव्याला हार घालायचा कुठे, हे न कळून ती तो हातात धरून तव्यापुढे उभी राहिली, ते मला गमतीचं वाटलं आणि मी हसले. तिने हार तव्याच्या कानाला अडकवला, लाटणं उचललं आणि माझ्या पाठीत घातलं. तव्यावरच्या चपात्या जळाल्या, सगळ्या कँटीनमध्ये जळका वास पसरला, कंत्राटदार धावत आला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पुढची चपाती लाटायला घेतली. वडील तिच्याशी किती तरी दिवस बोलले नाहीत.

एवढंच. शेवट असा काही नव्हता. बस चिखलीत शिरली तेव्हा मी फोन पर्समध्ये टाकला. बरं लिहिलंय की वाईट, हे मला कळत नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्याची घाईही नव्हती.

रविवारी सकाळी मी निगडीला जायचं ठरवलं. तयार झाले, चपला घातल्या आणि दारात थांबले. आईला न सांगता हे बाहेर नेणं मला बरं वाटेना. ती जमिनीवर बसून वाटाणे सोलत होती.

“आई, ऐक जरा. परत लिहिलंय.”

“वाच,” ती वर न बघता म्हणाली.

मी उभ्यानेच वाचायला लागले. पहिल्या ओळीलाच खाष्ट म्हटल्यावर तिने मान वर केली. पुऱ्यांच्या ठिकाणी तिचे हात थांबले. लाटण्याच्या ठिकाणी तिने शेंग ताटात टाकली. मी वाचत राहिले, कारण थांबले असते तर पुन्हा वाचता आलं नसतं. संपल्यावर तिने ताट बाजूला सरकवलं. मग तोंडाचा पट्टा सुरू झाला.

“म्या खाष्ट?”

“होतीस की.”

“आन् लाटन्यानं मारलं व्हतं तुला?”

“पाठीत.”

“आन् हे तू त्या निगडीच्या लोकांम्होरं वाचनार?”

“हो.”

“तुजा बाप माज्यासंगं बोलला न्हाई, त्ये बरं लिवलंस. म्या त्येच्यासंगं बोलत न्हवते, त्ये का न्हाई लिवलंस? त्यो दोनदा च्या घिऊन आला व्हता माज्याकडं. म्या तोंड फिरवलं.”

हे मला माहीत नव्हतं.

“आन् चपात्या जळल्या म्हनून कुनी सांगितलं तुला?” आता ती खरी पेटली. “माज्या हातनं येक चपाती जळली न्हाई त्या दिवशी. येक न्हाई! इचार कुनालाबी. जळली ती फुलं. तापल्या तव्याला हार घातल्यावर काय व्हनार? झेंडू करपला समदा. त्योच वास व्हता.”

मी दारात तशीच उभी राहिले. तो वास मी इतकी वर्षं नाकात घेऊन हिंडले होते आणि त्याला चपात्या हे कारण मीच चिकटवलं होतं. पटण्यासारखं होतं ना. तव्यावर दुसरं काय जळणार? मी फोनवरची ती ओळ खोडली आणि लिहिलं, फुलं करपली.

“केलं?” आईने विचारलं.

“केलं.”

“आता त्ये लाटनं काढ.”

“लाटणं राहील.”

“काढ म्हन्ते ना. लोक काय म्हनतील?”

“काही म्हणू देत. नाही काढणार मी.”

साहेबांनी सांगितलेलं मी आजवर सगळं बदललं, ग्राहकाने सांगितलेलं बदललं, कुणी काही म्हणायच्या आतच बदललं. आईला नाही म्हणताना माझा आवाज चिरकला, पण निघाला. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकत उठली, ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेली. आत भांडी आपटायला लागली. एक पातेलं, मग झाकण, मग पुन्हा पातेलं. चिडली होती, आणि चांगलीच चिडली होती. पण ती बाई कोण, असं या वेळी तिने विचारलं नव्हतं.

मी दार उघडलं. आतला आवाज थांबला.

“पातळ कंचं नेसले व्हते, त्ये न्हाई लिवलंस,” ती आतून म्हणाली.

“मला आठवत नाही.”

“मग इचारायचं की. का, का तेवढं बरं इचारतीस.” ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. हात अजून ओले होते. “जांभळं व्हतं. लगनातलं. त्येला तेलाचा डाग पडला तवापास्नं कामावर नेसायची. पर त्या दिशी मुद्दाम नेसले न्हवते बरं का, त्ये तसं लिवू नगंस.”

गट सुरू व्हायची वेळ झाली होती. मी दार लावलं, चपला काढल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

“हळू सांग,” मी म्हटलं.